तवंग दिसेनासा होतो, तेव्हा तेल कुठे असतं?

४ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकी सरकारने मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीचा हिशेब जाहीर केला. डीपवॉटर होरायझन या तेल-विहिरी खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर २० एप्रिलला स्फोट झाला होता, ११ कामगारांचा जीव गेला होता आणि सुमारे दीड हजार मीटर खोलीवरची विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत होती. हिशेब असा होता: १७ टक्के तेल विहिरीच्या तोंडाशीच पकडलं, ५ टक्के जाळलं, ३ टक्के पृष्ठभागावरून गोळा केलं, २५ टक्के हवेत उडालं किंवा पाण्यात विरघळलं, १६ टक्के आपोआप बारीक थेंबांत विखुरलं, ८ टक्के रसायनं फवारल्याने विखुरलं आणि बाकी राहिलं २६ टक्के. लोकांपर्यंत बातमी पोचली ती अशी की, तीन चतुर्थांश तेल गेलं.

आता हेच आकडे पुन्हा पाहा. विखुरलेलं २४ टक्के तेल पाण्यातच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नव्हतं. विरघळलेलंही पाण्यातच होतं. माणसांनी खरोखर बाहेर काढलेलं किंवा जाळलेलं तेल २५ टक्केच. आणि जिवाणूंनी किती तेलाचं विघटन केलं, असा रकाना त्या यादीत नव्हताच. तेव्हा तो आकडा छातीठोकपणे सांगण्याइतकी मोजमापं हाताशी नव्हती.

तेलप्रदूषणाच्या विघटनाचं गणिती मॉडेल म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात मला सापडत नाही. तेल पृष्ठभागावरून नाहीसं होणं आणि तेल नष्ट होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या दोन वेगळ्या वह्यांत मांडणं हे मॉडेलचं पहिलं काम. उरलेलं सगळं गणित त्यानंतर येतं.

तेल हा एकच पदार्थ नाही, ही पहिली अडचण. कच्च्या तेलात हजारो संयुगं असतात. कार्बनच्या सरळ, फांद्या फुटलेल्या किंवा वलयाकार साखळ्यांची संतृप्त संयुगं, बेंझिन आणि टोल्युइनपासून तीन-चार-पाच कड्यांच्या संयुगांपर्यंतचे ॲरोमॅटिक पदार्थ, रेझिन, आणि डांबराच्या कुळातली जडशीळ ॲस्फाल्टिनं. यातली काही संयुगं तासाभरात उडून जातात, काही जिवाणूंना आवडतात, काहींना दशकानुदशकं कुणी हात लावत नाही. हजारो संयुगांचा वेगवेगळा हिशेब ठेवणं शक्य नसल्यामुळे मॉडेलात त्यांचे गट पाडतात. उत्कलनबिंदू आणि रासायनिक घडण सारखी असलेली संयुगं एका गटात घालायची, तो गट म्हणजे जणू एकच पदार्थ असं मानायचं आणि त्याला त्याचे स्वतःचे वेग द्यायचे. किती गट पाडले, यावर उत्तराचा बराचसा खरेपणा ठरतो.

तेल सांडल्यावर पहिले काही दिवस भौतिक घडामोडींचे असतात. ते आधी पसरतं. सुरुवातीला स्वतःच्या वजनाने, नंतर पृष्ठताणामुळे. अमेरिकी अभियंते जेम्स फे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या पसरण्याच्या टप्प्यांची मांडणी केली आणि ती आजही वापरात आहे. पसरता पसरता हलका भाग उडू लागतो. हलक्या कच्च्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग काही दिवसांत हवेत जाऊ शकतो, तर जड तेलाचा जेमतेम दहावा हिस्सा जातो. हा वेग आरंभी जोरात असतो आणि मग झपाट्याने मंदावतो. उडालेलं तेल नष्ट झालेलं नसतं, ते हवेच्या खात्यात जमा झालेलं असतं.

लाटांच्या घुसळणीने दोन उलट गोष्टी होतात आणि कोणती जिंकेल हे तेलाच्या जातीवर ठरतं. ॲस्फाल्टिनं भरपूर असतील तर पाण्याचे बारीक कण तेलात अडकतात आणि तपकिरी, घट्ट पायस (इमल्शन) तयार होतं. त्यात तीन चतुर्थांश पाणी असू शकतं, म्हणजे साफ करायच्या मालाचं आकारमान चौपट होतं. दाटपणा तर हजारपटीपर्यंत वाढतो. अशा पायसावर फवारणी चालत नाही, जिवाणूंना आत शिरता येत नाही, बाष्पीभवन जवळपास थांबतं. तेल हलकं असेल तर मात्र तीच लाट त्याचे थेंब करून पाण्यात मिसळते. ५ जानेवारी १९९३ रोजी शेटलंड बेटांच्या टोकाशी ब्रेअर नावाचं जहाज खडकावर चढलं. पोटात सुमारे ८५ हजार टन हलकं कच्चं तेल होतं. त्याच्या चार वर्षं आधी अलास्कात एक्सॉन वाल्डीझमधून सांडलेल्या सुमारे ३७ हजार टनांच्या हे दुपटीहून जास्त. तरीही शेटलंडमध्ये समुद्रावर मोठा तवंग फारसा दिसलाच नाही, कारण कित्येक दिवस चाललेल्या वादळाने तेल पाण्यात मिसळून टाकलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे समुद्रतळाचे नमुने काढल्यावर कळलं की, सुमारे एक तृतीयांश तेल तळाच्या बारीक गाळात जाऊन बसलं होतं.

म्हणून मॉडेलात खाती पाडतात: वरचा तवंग, पाण्यातले थेंब, विरघळलेला भाग, तळाचा गाळ, किनारा, हवा, आणि शेवटी खरोखर विघटित झालेलं तेल. प्रत्येक संयुगगटाचं वस्तुमान या खात्यांतून किती वेगाने इकडून तिकडे सरकतं, याची समीकरणं लिहायची. प्रत्येक क्षणी सर्व खात्यांची बेरीज सांडलेल्या तेलाइतकीच आली पाहिजे. आली नाही तर कुठेतरी चूक आहे. ही अट साधी दिसते, पण तिच्यामुळेच मॉडेल लिहिणाऱ्याला ‘कमी झालं’ असं मोघम म्हणून सुटता येत नाही. कमी झालं तर कोणत्या खात्यात गेलं, ते दाखवावं लागतं.

शेवटच्या खात्यात तेल भरणारे मुख्यतः जिवाणू. स्वच्छ समुद्रातही हायड्रोकार्बन खाणारे जिवाणू थोड्या संख्येने असतात, कारण तळाच्या भेगांतून तेल नैसर्गिकरीत्याही झिरपत असतं. तेल आलं की त्यांची संख्या भराभर वाढते. अल्कानिव्होरॅक्स ही जात सरळ आणि फांद्यांच्या साखळ्या खाते, सायक्लोक्लास्टिकस वलयांच्या संयुगांकडे वळते. दोन्हींचं वर्णन १९९० च्या दशकातलं. सरळ साखळ्या आधी संपतात, मग फांद्यांच्या, मग दोन-तीन कड्यांची ॲरोमॅटिक संयुगं. चार-पाच कड्यांची फार रेंगाळतात. रेझिन आणि ॲस्फाल्टिनं जवळपास जशीच्या तशी राहतात आणि किनाऱ्यावर डांबराच्या गोळ्यांच्या रूपात येतात.

जिवाणू तेलाच्या आत शिरून खात नाहीत, तेल आणि पाणी जिथे भिडतात त्या पृष्ठभागावर बसून खातात. त्यामुळे थेंबाचा आकार निर्णायक ठरतो. गोल थेंबाचं क्षेत्रफळ भागिले आकारमान म्हणजे सहा भागिले व्यास. एक लिटर तेलाचे एक मिलिमीटरचे थेंब केले तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर मिळतो. १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केले तर ६०० चौरस मीटर. खाणाऱ्यांना बसायला जागा शंभरपट. शिवाय मोठे थेंब तरंगून काही मिनिटांत वर येतात आणि पुन्हा तवंगात मिळतात, तर १० मायक्रॉनचा थेंब दिवसाला जेमतेम मीटरभर वर सरकतो, आणि समुद्राची हालचाल त्याला तेवढंही जाऊ देत नाही. म्हणून अनेक मॉडेलांत ५० ते ७० मायक्रॉनच्या आसपास एक सीमा मानतात: त्याहून लहान थेंब कायमचे पाण्यातले, मोठे परत वर येणारे.

या जेवणाला ऑक्सिजन लागतो, आणि किती लागतो ते कागदावर काढता येतं. तेलातला सरासरी तुकडा म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन, वजन १४. तो पुरता जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हायला ४८ वजनाचा ऑक्सिजन खर्च होतो. म्हणजे एक ग्रॅम तेलामागे सुमारे ३.४ ग्रॅम ऑक्सिजन. एक लिटर तेलाचं वजन ८५० ग्रॅम धरलं तर जवळपास २,९०० ग्रॅम ऑक्सिजन हवा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन साधारण ७ ते ८ मिलिग्रॅम असतो. भागाकार करा: एक लिटर तेल पूर्ण पचवायला जवळपास चार लाख लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन लागेल. जिवाणूंच्या शरीरात थोडा कार्बन बांधला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष गरज काहीशी कमी, पण अंदाज यावरून येतो. उघड्या समुद्रात हवेतून आणि ताज्या पाण्यातून भरपाई होत राहते. गाळात ती होत नाही.

तेलात कार्बन उदंड आणि नत्र-स्फुरद जवळपास नाही. जिवाणूंना वाढायला दोन्ही लागतात. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचं ढोबळ प्रमाण १००:१०:१ धरतात. पाण्यात पातळ विखुरलेल्या तेलासाठी समुद्रातलं नत्र पुरतं, पण किनाऱ्यावर जाड थरात साचलेल्या तेलासाठी ते अपुरं पडतं. एक्सॉन वाल्डीझनंतर अलास्काच्या गोट्यागोट्यांच्या किनाऱ्यांवर खत घातलं गेलं ते याच कारणाने, आणि खत घातलेल्या ठिकाणी विघटनाचा वेग वाढल्याचं मोजमापांत दिसलं. तापमानाचा परिणाम मांडताना दहा अंशांमागे वेग सुमारे दुप्पट, असा ठोकताळा सर्रास वापरतात. मला तो थंड पाण्याच्या बाबतीत अर्धवट वाटतो, कारण तिथले जिवाणू थंडीला सरावलेले असतात. थंडीत खरी अडचण बहुतेक वेळा तेल घट्ट होण्याची असते, त्याचे थेंबच नीट होत नाहीत.

आता विघटनाचं समीकरण. सर्वांत साधं असं: दर दिवशी उरलेल्या तेलाचा ठरावीक वाटा संपतो. यातून अर्धायुष्य निघतं, म्हणजे निम्मं तेल संपायला लागणारा काळ. सोपं आहे, मोजमापांशी बरंच जुळतं, म्हणून सगळे वापरतात. धोका तेव्हा होतो जेव्हा अख्ख्या तेलाला एकच अर्धायुष्य दिलं जातं.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. १०० भाग तेल, त्यातल्या ६० भागांचं अर्धायुष्य ५ दिवस, ३० भागांचं ३० दिवस, आणि १० भाग असे की ज्यांना या काळात काहीच होत नाही. दहाव्या दिवशी पहिल्या गटाचे १५ उरतात, दुसऱ्याचे जवळपास २४, तिसऱ्याचे १०. एकूण ४९. नमुने तपासणारा म्हणेल, दहा दिवसांत निम्मं झालं, म्हणजे अर्धायुष्य १० दिवस. या हिशेबाने साठाव्या दिवशी तेल सहा वेळा निम्मं झालेलं असेल, दीड टक्क्याच्या आसपास उरेल, आणि किनारा मोकळा करायला हरकत नसेल. प्रत्यक्षात पहिला गट संपलेला असेल, दुसऱ्याचे साडेसात भाग आणि तिसऱ्याचे १० उरलेले असतील. साडेसतरा टक्के. अकरापट चूक. आणि जे उरलंय ते नेमकं सर्वांत चिवट, त्यात अनेक कड्यांची विषारी संयुगंही आली. पहिल्या दहा दिवसांची मोजमापं अगदी बरोबर असूनही हे घडतं.

जिथे नत्र किंवा ऑक्सिजन तोकडा पडतो तिथे साधं समीकरण पुरत नाही. मग जिवाणूंची संख्या हाही एक बदलता आकडा धरावा लागतो आणि फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाक मोनो यांचं सूत्र वापरतात: अन्न कमी असेल तेव्हा वाढ अन्नाच्या प्रमाणात, अन्न मुबलक झालं की वाढ एका कमाल वेगावर येऊन थांबते. असाच एकेक गुणक ऑक्सिजन आणि नत्रासाठी जोडता येतो. सुरुवातीचे दिवस जिवाणूंची संख्या वाढण्यातच जातात, हा उशीरही या मांडणीत आपोआप दिसतो. मात्र प्रत्येक जादा गुणकासोबत मोजावा लागणारा एक जादा आकडा येतो. तो मोजलेलाच नसेल तर मॉडेल गुंतागुंतीचं होतं, खरं होत नाही.

तेल जागेवर थांबत नाही, म्हणून विघटनाला वाहण्याचं गणित जोडावं लागतं. संगणकात तेलाचे हजारो काल्पनिक कण सोडतात. प्रत्येक कणाकडे वस्तुमान, घटक आणि जागा असते. प्रवाह त्याला ढकलतो, तवंगावर असेल तर वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेग त्यात मिळवतात, आणि पाण्याच्या घुसळणीसाठी एक छोटी यादृच्छिक उडी देतात. अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानविषयक सरकारी संस्थेचं नोम किंवा भूमध्य समुद्रासाठीचं मेडस्लिक-२ ही अशा जातीची मॉडेलं आहेत. नोआचंच ॲडिऑस बाष्पीभवन आणि पायसाचा पहिल्या काही दिवसांचा हिशेब करतं. आणीबाणीच्या वेळी तेवढंच हवं असतं. महिन्यांचा प्रश्न असेल तर जैविक विघटन आणि गाळ आणावाच लागतो.

किनाऱ्याजवळ हा गाळच सगळं बिघडवतो. नदीतून आलेले मातीचे कण पाण्यात तरंगत असतात, तेलाचे थेंब त्यांना चिकटतात आणि जोडी जड होऊन तळाला जाते. यात एक चांगली बाजू आहे: माती चिकटलेले थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत आणि उघड्या पाण्यात राहिले तर लवकर विघटित होतात. पण शांत खाडीच्या तळाशी बसून वर नवा गाळ साचला की ऑक्सिजन तुटतो. गाळात वरचे काही मिलिमीटर ते सेंटीमीटरच ऑक्सिजन पोचतो. त्याखाली विघटन सल्फेटसारख्या पदार्थांवर अवलंबून असतं आणि फार सावकाश चालतं. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्ट फॅलमथजवळ फ्लोरिडा नावाच्या बार्जमधून इंधनतेल सांडलं. तीस वर्षांनंतर तिथल्या दलदलीत काही सेंटीमीटर खाली त्याचे अवशेष सापडले. अलास्कातही काही किनाऱ्यांच्या गोट्यांखाली तेल दशकांनंतर टिकून होतं. वरचा थर पाणी खेळू देणारा आणि खालचा दाट, म्हणून भरती-ओहोटीचं ताजं पाणी वरच्या वर निघून जायचं. पृष्ठभागाच्या पाण्यात मोजलेलं अर्धायुष्य अशा थराला लावणं ही माझ्या मते या विषयातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. गाळाला वेगळं खातं आणि खोलीनुसार बदलणारा वेग हवाच.

मॉडेलचं उत्तर खरं की खोटं, हे तपासायचं कसं? पाण्यातलं तेल कमी झालेलं दिसलं तर ते विघटित झालं की फक्त पातळ झालं, हा पुन्हा तोच प्रश्न. इथे रसायनशास्त्रज्ञ एक सुरेख युक्ती वापरतात. तेलात होपेन नावाचं संयुग असतं, पाच कड्यांचं, प्राचीन जिवाणूंच्या पेशीपटलातून आलेलं आणि अतिशय चिवट. बाकीचं तेल पातळ होतं तेव्हा होपेनही तितकंच पातळ होतं, पण जिवाणू त्याला सहसा सोडून देतात. म्हणून एखाद्या संयुगाचं होपेनशी गुणोत्तर पाहायचं. ताज्या तेलात ते १०० असेल आणि नमुन्यात २५, तर त्या संयुगातलं ७५ टक्के खरोखर नाहीसं झालं, नमुना कितीही पातळ असो. ते उडून गेलं की खाल्लं गेलं, हे ओळखायला दुसरी जोडी आहे. सतरा कार्बनांची सरळ साखळी आणि प्रिस्टेन हे फांद्यांचं संयुग जवळपास सारख्याच तापमानाला उकळतात, त्यामुळे बाष्पीभवनाने त्यांचं गुणोत्तर फारसं बदलत नाही. जिवाणू मात्र सरळ साखळी आधी खातात. गुणोत्तर घसरलं की जिवाणू कामाला लागले, असं समजायचं. फार जुन्या नमुन्यांत प्रिस्टेनही खाल्लं जातं आणि होपेनही हळूहळू झिजतं, तेव्हा या पद्धती विघटन प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात.

सूर्यप्रकाशाचं खातं बराच काळ दुर्लक्षित होतं. डीपवॉटर होरायझनच्या तवंगावरच्या अभ्यासांतून दिसलं की, उन्हाने तरंगतं तेल काही दिवसांतच ऑक्सिजनयुक्त संयुगांत बदलतं, आणि अशा तेलावर विखुरणारी रसायनं कमी परिणाम करतात. यात रेणू नाहीसा होत नाही, बदलतो. नेहमीच्या चाचणीत तो हायड्रोकार्बन म्हणून मोजलाच गेला नाही, तर कागदावर तेल कमी झालेलं दिसतं.

हे सगळं प्रत्यक्ष निर्णयात कसं उतरतं, ते एका टन तेलावर पाहू. दहा मीटर खोल पाण्यात, एक चौरस किलोमीटरभर ते सारखं विखुरलं तर लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम तेल येतं. ते पचवायला लिटरमागे ०.३४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल, पाण्याला त्याचा ताण जाणवणारही नाही. तेच एक टन दोन मीटर खोलीच्या, दशांश चौरस किलोमीटरच्या बंदिस्त खाडीत गेलं तर लिटरमागे ५ मिलिग्रॅम तेल आणि १७ मिलिग्रॅम ऑक्सिजनची मागणी. पाण्यात आहे ७-८. हवेतून भरपाई त्या वेगाने झाली नाही तर मासे गुदमरतील आणि विघटनही अडेल. बाहेरच्या पाण्यात फवारणी करून तेल विखुरणं शहाणपणाचं असू शकतं, उथळ खाडीत तोच उपाय घातक ठरू शकतो.

खाडीच्या बाबतीत आणखी एक आकडा लागतो: आतलं पाणी किती दिवसांत बदलतं. समजा, सरासरी तीन दिवसांत बदलतं आणि विखुरलेल्या तेलाचं अर्धायुष्य १५ दिवस आहे. मग दर दिवशी एक तृतीयांश वेगाने तेल बाहेर वाहतं आणि ०.०४६ वेगाने विघटित होतं. विघटनाच्या वेगाला दोन्ही वेगांच्या बेरजेने भागलं तर खाडीत खरोखर नष्ट होणारं तेल फक्त १२ टक्के येतं. उरलेलं ८८ टक्के भरती-ओहोटीने बाहेरच्या किनारपट्टीकडे पाठवलेलं असतं. दोन आठवड्यांनी खाडीतला नमुना जवळपास स्वच्छ येईल आणि अहवालात ‘९० टक्क्यांहून अधिक घट’ असं लिहिलंही जाईल. त्या घटीतले वाहून गेलेले आणि विघटित झालेले भाग वेगवेगळे छापलेले नसतील, तर तो अहवाल परत पाठवून होपेनचं गुणोत्तर मागवावं, आणि खाडीच्या मुखापलीकडच्या गाळाचे नमुनेही.